लेक दापोलीला शिकतीये की समुद्रावर फिरतीये?

पत्र आलंय सांगलीतल्या एका ताईंचं. नाव-गाव देत नाही, मजकूर थोडक्यात माझ्या शब्दांत देते. लेक दापोलीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. गेल्या सहा-आठ महिन्यांत तिला फिरायचं वेड लागलंय. रविवार आला की मैत्रिणींबरोबर कधी मुरूड, कधी कर्दे, कधी आसूदची बाग, आणि दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस. पहिल्या वर्षाला ८.१ असलेला सीजीपीए आता ७.३ वर आलाय. वडील म्हणतात शिकायला पाठवली की फिरायला. जाऊबाई स्टेटस बघून टोमणे मारतात. मार्चमध्ये ती आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला गेली आणि रात्री मैत्रिणीच्या घरी राहिली, घरी कळलं दुसऱ्या दिवशी, तेही फोटोवरून. तेव्हा ताईंनी फोनवर तिच्याकडून शपथ घेतली की परत समुद्रावर जाणार नाही. ती हो म्हणाली, आणि त्यानंतर ताईंना तिचं स्टेटसच दिसेनासं झालं, जाऊबाईंच्या मुलीला मात्र दिसतंय. २०१९ च्या पुरात या घराच्या पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं, तेव्हापासून ताईंना पाणी म्हटलं की पोटात गोळा येतो. आता विचारतायत, तिला तिथून काढून कराड नाहीतर कोल्हापूरच्या ॲग्री कॉलेजला आणावं का? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ, "मी स्वतः समुद्र एकदाच पाहिलाय, लग्नानंतर गणपतीपुळ्याला, तेही गाडीतून उतरून दहा मिनिटं."

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं हे नेहमीचंच, पोरगी हॉस्टेलला गेली, पंख फुटले, आईबाप घाबरले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्या शेवटच्या ओळीवर अडकले. त्या ओळीकडे येणारच आहे, पण आधी बाकीचं.

मार्कांचं पटकन उरकते. ८.१ वरून ७.३ हे घसरणं आहे, नाही म्हणत नाही, पण ते रविवारच्या फिरण्यानं झालंय हे तुम्ही ठरवून टाकलंय, तिला विचारलेलं नाही. दुसऱ्या वर्षाला विषय अवघड होतात, एखादा पेपर बसतो, एखाद्या प्रॅक्टिकलला मास्तर हात आखडता घेतात. फोन करून एवढंच विचारा की कुठल्या विषयात कमी पडले. "मार्क का कमी पडले" असं नको, त्याला पोरं उत्तर देत नाहीत, भांडतात. कुठल्या विषयात, असं विचारलं की विषयाचं नाव येतं आणि मग बोलणं पुढं जातं. तिच्या गैरहजेरीबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीये, म्हणजे ती लेक्चर बुडवून जात नसावी, सुट्टीच्या दिवशी जातीये. आणि हॉस्टेलवरची जी मुलं रविवारी कुठंच जात नाहीत ती त्या वेळात अभ्यास करतात असं तुम्हाला वाटत असेल तर काय बोलू, माझ्या घरात पण एक होता हॉस्टेलवाला, रविवारी दुपारी तीनला उठायचा आणि रात्री तीनपर्यंत मोबाईल.

जाऊबाईंच्या टोमण्यांचं मी काहीच लिहित नाही. ते आपण सगळ्या जाणतो.

आता पाण्याचं. इथं मी तुम्हाला समजवायच्या भानगडीत पडणार नाही, कारण मी पण सांगलीचीच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती तेव्हा आम्ही नातेवाईकांच्या गच्चीवर होतो, खाली गल्लीत होडी फिरत होती आणि शेजारच्या आजी होडीत बसायला तयार नव्हत्या, म्हणत होत्या माझा गॅस चालू राहिलाय. पाणी उतरल्यावर जो वास होता घरात, तो तुम्हाला सांगायला नको. कपाटाची दारं फुगून बसली होती, उघडेनात, आणि आतून गाळ टपटप गळत होता. आजही पावसाळ्यात चार दिवस झड लागली की आपल्याकडं माणसं एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, "किती फुटावर आहे?" विचारतात. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे इथं पहिलीतल्या पोराला पण पाठ असतं. आणि दुसरा प्रश्न, "कोयनेतून किती सोडलंय?" त्यामुळं तुमच्या पोटात गोळा येतो त्यात चुकीचं काही नाही, तो गोळा तुम्ही एकट्या बाळगत नाही, अर्धी सांगली बाळगते.

पण एक गोष्ट मला या निमित्तानं सांगाविशी वाटते, बघा गंमत वाटते का. कोयनेचं पाणी दोन वाटांनी जातं. एक वाट आपली, धरणातून खाली कराडला, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून आपल्या घाटापर्यंत. दुसरी वाट डोंगराच्या पोटातून. बोगद्यांमधून ते पाणी पलीकडं पोफळीकडं उतरवतात, वीज तयार होते, आणि मग ते वाशिष्ठी नदीत सोडतात. १०५ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) त्या धरणातलं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेला न्यायची मुभा आहे. वाशिष्ठी चिपळूणवरून जाते आणि समुद्राला मिळते दाभोळला. दाभोळ कुठल्या तालुक्यात? दापोली. म्हणजे महाबळेश्वरच्या खाली कोयनेच्या खोऱ्यात पडलेला एकच पाऊस, थोडा तुमच्या दारात येतो आणि थोडा तुमच्या लेकीच्या तालुक्यात समुद्राला मिळतो. याचा तुमच्या प्रश्नाशी काय संबंध असं म्हणाल. संबंध एवढाच की तुम्हाला पाणी एकाच रूपात भेटलंय, घरात घुसणारं, आणि तिला ते दुसऱ्या टोकाला भेटतंय. तुम्ही दोघी पाण्याबद्दल बोलता तेव्हा बहुतेक एकाच पाण्याबद्दल बोलत नसता. म्हणून भांडण होतं.

आता शपथेकडं येते, आणि इथं मी तुमच्या बाजूनं नाही.

दापोलीत राहायचं आणि समुद्रावर जायचं नाही, ही अट सांगलीत राहून आयर्विनवरून जायचं नाही अशी आहे. पाळता येत नाही. दापोली गाव तसं समुद्रावर नाही, वर डोंगरावर आहे, इंग्रजांनी तिथं कॅम्प टाकला तो थंड हवेसाठीच, पण खाली उतरलं की किनाराच किनारा, मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै, कोळथरे. वर्गात त्या गावांतली पण मुलं असणार. मैत्रीण म्हणणार चल माझ्या घरी, आंबे उतरवायला माणसं आलीयेत, आणि हिनं काय सांगायचं, आईनं शपथ घातलीये? मग ती काय करणार, जाणार आणि सांगणार नाही. तेच झालंय. तुम्ही अट घातली धोका कमी व्हावा म्हणून, आणि झालं काय, धोका तेवढाच राहिला, तुम्हाला कळायचं तेवढं बंद झालं. आधी निदान फोटो बघून माहीत होतं पोरगी कुठं आहे. आता जाऊबाईंच्या मुलीला विचारावं लागतंय, आणि मला वाटतं पत्रात तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच.

पण आंजर्ल्याच्या रात्रीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. न सांगता रात्री बाहेर राहणं हे चालणार नाही, मग कासवं असोत नाहीतर साक्षात गणपती. एकोणीस वर्षांची मुलगी, नवीन गाव, हॉस्टेलला गेटच्या वेळा असतात, घरी कळवायलाच पाहिजे. हे तिला स्पष्ट सांगा. फक्त दोन गोष्टी एकत्र करू नका, न सांगण्याचा राग वेगळा आणि समुद्राची भीती वेगळी. तुम्ही त्या दिवशी फोनवर दोन्ही एकदमच बोललात, आणि तिनं ऐकलं फक्त दुसरं.

ती पहाटे तिथं का गेली हे मात्र समजून घ्या. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करून अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास, आणि परत निघून जातात. गावातली पोरं ती अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला कुंपणात ठेवतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. वेळासला २००२ पासून हे काम चाललंय, तिथून मग आंजर्ल्यासारख्या इतर गावांत पसरलं. पिल्लं सोडतात सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी, उन्हात नाही. म्हणजे हॉस्टेलवरून पहाटे स्कूटरवर अंधारात पंचवीस किलोमीटर येण्यापेक्षा मैत्रिणीच्या घरी, तिच्या आईच्या देखरेखीखाली रात्र काढणं हा शहाणपणाचाच विचार होता. चूक एकच, फोन केला नाही. तुम्ही त्या फोटोचं वर्णन केलंय, की ओल्या वाळूवर पिल्लू आहे आणि मागं त्याच्या पायांची शिवण घातल्यासारखी रेघ आहे. "शिवण घातल्यासारखी", हा शब्द तुमचा आहे ताई. इतक्या रागात पण तुम्ही फोटो नीट बघितलात.

आता धोके. खरे धोके आहेत आणि ते मी गोड करून सांगणार नाही. हे ज्यांची ज्यांची पोरं रत्नागिरी, दापोली, मालवण, अलिबाग कडं शिकायला आहेत त्यांनी सगळ्यांनीच वाचा.

कोकणच्या किनाऱ्यावर दरवर्षी माणसं बुडतात, आणि बातमी नीट वाचली तर लक्षात येतं की त्यात घाटावरून आलेली जास्त असतात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. विहिरीत नाहीतर नदीत पोहायला येत असतं म्हणून वाटतं समुद्र पण जमेल. नदी एका दिशेनं ओढते, समुद्राची लाट किनाऱ्यावर येते आणि पायाखालची वाळू घेऊन परत जाते, काही ठिकाणी परतणारं पाणी एका पट्ट्यात जोरात आत ओढतं आणि त्या पट्ट्यात लाटा कमी दिसतात म्हणून माणूस नेमका तिथंच उतरतो. त्यात सापडलं तर सरळ किनाऱ्याकडं हात मारायचे नाहीत, दम संपतो, किनाऱ्याला समांतर बाजूला जायचं आणि ओढ संपली की मग वळायचं. हे लेकीला माहीत आहे का विचारा. नसेल तर तुम्ही सांगा, आईकडून आलेलं ऐकून तिला जरा धक्का बसेल.

खरं तर तिला पोहायला उतरायचीच गरज नाही. घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून समुद्र पूर्ण बघता येतो. पावसाळ्यात तर तेही नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मुख्यतः माशांच्या विणीचा काळ म्हणून, पण समुद्र खवळलेला असतो हे पण आहेच. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, आणि आपण सेल्फीला खडकावर चढतो.

भरती-ओहोटीचं एक सोपं गणित आहे, मला मुरूडच्या एका काकूंनी सांगितलेलं, ज्यांच्याकडं आम्ही उतरलो होतो. तिथीला पाऊणनं गुणायचं. आपल्या आजोबांना पावकी-निमकीबरोबर पाऊणकी पण यायची, तीच. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी पण आणि रात्री पण. अष्टमीला आठ पाऊण सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतं, नक्की वेळ मोबाईलवर मिळते, पण मोबाईलला रेंज नसते तेव्हा पाऊणकी असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी एरवीपेक्षा वर चढतं. भरती चढत असताना खडकावर, किल्ल्याच्या तटाखाली, खाडीच्या तोंडाशी थांबायचं नाही. किनाऱ्यावर गाडी घालणारे लोक दर सुट्टीला फसतात ते याच हिशोबात. आणि गाडीच्या चाकाखाली वाळूतली घरटी पण येतात, हे त्यांच्या डोक्यातही नसतं.

पण मला विचाराल तर समुद्रापेक्षा मला भीती वाटते स्कूटरची. तिघी एका ॲक्टिव्हावर, हेल्मेट डिकीत, आणि ते वळणावळणाचे उताराचे रस्ते, समोरून पर्यटकांच्या गाड्या कशाही. तुम्ही पत्रात समुद्र अकरा वेळा लिहिलाय (मी मोजलं), ती जाते कशानं हे एकदाही नाही. अट घालायची तर इथं घाला. दोघीच, दोघींना हेल्मेट, अंधार पडायच्या आत परत. एसटीनं गेली तर उत्तम, फक्त गावातून दापोलीला येणारी शेवटची गाडी किती वाजता ते जातानाच विचारून ठेवायचं, कारण संध्याकाळी जी गाडी जाते ती बहुतेक मुक्कामी असते, ती सकाळीच परत येते.

साप. रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्या दगडाच्या भागात फुरसं भरपूर, फूट-दीड फूट लांबीचं, दगडाच्या रंगाचं, दिसत नाही. बूट घालायचे, दगड उचलायचे नाहीत, पडक्या भिंतीवर न बघता हात टेकवायचा नाही, अंधारात टॉर्च. चावलंच तर करकचून दोरी बांधणं, चिरा देणं हे उद्योग करायचे नाहीत, हात-पाय हलवायचा नाही आणि थेट सरकारी दवाखाना. ॲग्रीच्या पोरांना हे शेतात पण लागतंच, चौथ्या वर्षाला रावेला, म्हणजे गावात राहून शेतीचं काम शिकायच्या सत्राला, खेड्यात राहायचंय तिला.

बस, एवढे धोके. यातला एकही असा नाही की त्यासाठी पोरीला खोलीत कोंडावं.

कॉलेज बदलण्याचा विचार मी फार ताणत नाही. कराड, कोल्हापूरची कॉलेजं चांगली आहेत पण ती राहुरी विद्यापीठाची, दापोली वेगळं विद्यापीठ, मध्येच इकडून तिकडं जाणं सोपं नसतं, विद्यापीठात विचारल्याशिवाय घरात हा विषय पण काढू नका. आणि समजा झालंच. कोल्हापुरात रंकाळा आहे. तिथं पण पाणी आहे. तुम्ही तिला पाण्यापासून किती ठिकाणी हलवणार?

शिवाय ती दापोलीत शिकतीये म्हणजे काय शिकतीये ते एकदा बघा. १९७२ साली हे विद्यापीठ कोकणासाठीच काढलं, इथल्या लाल मातीसाठी, इथल्या पावसासाठी, आंबा-काजू-नारळ-सुपारी-भातासाठी. नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना आंबा यांनीच काढला, मग रत्ना आणि हापूसमधून सिंधू, त्याची कोय इतकी पातळ की नखाएवढी वाटते. पुस्तकात वाचलं की सुपारीला सावली लागते, तर ते परीक्षेपुरतं राहतं. आसूदला केशवराजच्या देवळाकडं चालत गेलं की कळतं. वर नारळ, त्याखाली सुपारी, त्याला चढवलेली मिरी, खाली जायफळ नाहीतर केळ, एका जागेत चार मजली शेती, मधून पाटाचं पाणी खळखळत जातंय, एप्रिलच्या दुपारी दोनला पण तिथं गार असतं. मग ओढ्यावरचा पूल, मग चढ, आणि वर देवळात गोमुखातून अखंड पाणी. ही बाग बघायला जाणं हे ॲग्रीच्या मुलीसाठी फिरणं आहे की अभ्यास, हे मला पण नक्की सांगता येणार नाही. फक्त तिला एवढं सांगा की त्या बागा कुणाच्या तरी घरच्या आहेत, वाटेनं जा, पडलेली सुपारी पण विचारून उचल.

आणखी एक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा याच पट्ट्यात माड, सुपारी, आंबे, सुरूची झाडं, सगळं आडवं झालं. नावच निसर्ग, काय बोलणार. एक माड लावला की फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, आंब्याची मोठी कलमं तर वडिलांनी लावलेली असतात. तुमच्या लेकीच्या वर्गातल्या किनाऱ्यावरच्या मुलांच्या घरात हे झालेलं असणार. आपल्याकडं पूर आला, त्यांच्याकडं वादळ. तिनं त्यांना २०१९ सांगितलं असेल, त्यांनी तिला २०२० सांगितलं असेल. विचारा तिला कधीतरी.

उलट बाजूनं पण एक शंका घेते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई पोरीचीच वकील. स्टेटस. रविवारी चौदा स्टेटस टाकायचे म्हणजे सारखा मोबाईल वर. मग बघितलं कधी? किनाऱ्यावर जाऊन पाठ समुद्राकडं आणि तोंड कॅमेऱ्याकडं, असं असेल तर ते निसर्गप्रेम वगैरे नाही, ते फोटोप्रेम. तिला रागावू नका, फक्त एक काम सांगा. पुढच्या वेळेला जिथं जाईल तिथली एक गोष्ट नाव विचारून यायची. झाडाचं, माशाचं, पक्ष्याचं, काहीही, स्थानिक नाव, तिथल्या माणसाला विचारून. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, होड्या येतात, टोपल्या उतरतात, बोली चालते, तिथं उभं राहून पाच माशांची नावं विचारून ये म्हणावं. ॲपवर फोटो टाकून नाव शोधणं वेगळं आणि कोळणीला विचारणं वेगळं, कोळीण आधी दोन शब्द सुनावते आणि मग सांगते, ते विसरत नाही.

म्हणजे शपथ रद्द करा, आणि त्या जागी तीन गोष्टी मागा. जायच्या आधी मेसेज, कुठं आणि कुणाबरोबर. रात्री बाहेर राहायचं तर आदल्या दिवशी फोन, आणि ज्यांच्या घरी राहणार त्यांच्या आईशी तुमचं एकदा बोलणं. आणि स्कूटरची अट. बाकी मोकळी. यजमानांना हे पटवायला वेळ लागेल, लागू दे. ते "फिरायला पाठवली का" म्हणतात तेव्हा त्यांना विचारून बघा की ते स्वतः पंचविशीत मित्रांबरोबर कुठं कुठं गेले होते. बहुतेक लिस्ट लांब निघेल, आणि तुमची लिस्ट काढली तर त्यात गणपतीपुळे, दहा मिनिटं.

आले बघा त्या ओळीवर.

ताई, तुम्ही कृष्णेच्या काठावर पाव शतक संसार केलात आणि पत्रात नदीचा उल्लेख फक्त पुरात येतो. शेवटचं घाटावर कधी बसला होता, नुसतं, काही काम नसताना? पुरानंतर मी पण चार वर्षं गेले नव्हते. मग एकदा पाहुण्यांना घेऊन हरिपूरला संगमावर गेले, थंडी होती, रस्त्याच्या दुतर्फा त्या जुन्या चिंचा, आणि खाली वारणा येऊन कृष्णेला मिळते तिथं पाणी इतकं शांत की मला जरा रागच आला, की तूच का ती. मग बसले. पाहुणे भेळ खाऊन आले तरी मी बसलेच होते. पूर विसरले का, तर नाही. पण आता नदी म्हटलं की गाळाच्या वासाबरोबर ते पण आठवतं. आपल्या नदीत मगरी आहेत हे लक्षात ठेवून पायरीच्या वरच बसायचं, एवढी काळजी घेतली की झालं.

सकाळी आमराईत चक्कर मारा, सुरुवातीला पायांना नाही, लोकांच्या नजरेला घाबरायला होतं, आठ दिवसांत जातं ते. एखाद्या रविवारी सागरेश्वरला जा. उघड्या बोडक्या डोंगरावर माणसांनी लावलेलं जंगल आहे ते, वृक्षमित्र धो. म. मोहित्यांच्या चिकाटीतून उभं राहिलेलं, १९८५ ला अभयारण्य झालं, जेमतेम ११ चौरस किलोमीटर, पण आत सांबर, चितळ, काळवीट. आपल्याकडं दापोलीच्या पाचवा-सहावा हिस्सा पाऊस पडतो, त्या पावसावर हे उगवलंय. फोटो काढा आणि लेकीला पाठवा, आणि झाडाचं नाव विचारा. तिला येणार नाही, शोधेल. तिच्याशी बोलायला तुमच्याकडं सध्या मार्क आणि समुद्र सोडून विषयच नाहीये, म्हणून सांगते.

आणि मग दापोलीला जा. मे महिन्यात नको, गर्दी आणि गाड्या, लॉजवाले तोंडाला येईल तो रेट सांगतात. एप्रिलमध्ये मधल्या वारी जा, तिच्या परीक्षेच्या तारखा विचारून. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड असं जाता येतं. घाट उतरताना उजवी-डावी बघत बसा, ते डोंगराच्या पोटातलं पाणी इथंच कुठंतरी खाली उतरत असतं. यजमानांना घेऊन जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण जाऊबाई आणि दहा माणसांची गाडी करून जाऊ नका, मग परत दहा मिनिटंच मिळतील. एकट्या गेलात तरी चालेल. कुठं जायचं ते तिला ठरवू द्या, तुम्ही मागून चाला. पाण्याजवळ गेल्यावर पोटात गोळा येईलच, आला तर तिला सांगा आला म्हणून. ती हात धरेल.

तिला आज मेसेज करायचा तर लांबलचक लिहू नका. कासवाचा तो फोटो परत पाठव, एवढंच लिहा.

आणि जाताना भडंग न्या. दोन किलो तरी, हॉस्टेलवर एक किलो पहिल्या तासातच संपतो.